केळीच्या पानाची साक्ष

केळीच्या पानाजवळ कुणी बोललं, की पान हलतं. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतकं. बघणाऱ्याला ते स्थिरच दिसतं.

*

२०४१ साली इचलकरंजीत माणसं फोन उचलल्यावर आधी "नाही" म्हणतात. मग विचारतात, कोण बोलतंय.

*

पाणी तापवायच्या बंबातली राख चाळून आई त्या राखेनं भांडी घासायची. घरात पावडरचा पुडा असला तरी.

*

मुदत संपलेलं औषध फेकून देतात. मुदत संपलेलं कर्ज विकतात. शंभर रुपयांचं कर्ज दोन रुपयांना जातं, कधी चाळीस पैशांना.

*

माग चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर ओरडून काही होत नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ते वाचायचे. वीस वर्षं मागावर काढलेली बाई घरीही तसंच बोलते.

*

नदीच्या घाटावर पत्र्याची एक शेड, तीन बाक आणि खांबावर एक बंद पडलेला कॅमेरा आहे. खाली पाटी : सौजन्य, उदयकांती नागरी पतसंस्था. पाटी आहे. पतसंस्था नाही.

*

रोहिणी बुगडला फोन आला तेव्हा ती मिरजेतल्या लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती. सकाळचे अकरा वाजले होते. तीही आधी "नाही" म्हणाली.

पलीकडच्या बाईला या "नाही"ची सवय असावी. तिनं आपलं नाव सांगितलं, तेजस्विनी खाडे, स्मरण वसुली कंपनी, आणि तुम्ही काहीच बोलू नका, नुसतं ऐका, असं म्हणाली. रघुनाथ बुगड यांनी २००९ साली दोन जुने यंत्रमाग घेण्यासाठी उदयकांती पतसंस्थेकडून एक लाख ऐंशी हजार घेतले होते. पतसंस्था २०१८ साली बुडाली. तिची येणी तीन हातांतून फिरत आता स्मरणकडे आली होती. व्याजासकट तेवीस लाख चाळीस हजार.

रोहिणी पन्नास वर्षांची होती. वडलांना, अण्णांना, जाऊन चोवीस वर्षं झाली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. मिरजेत तिचा एका खोलीचा फ्लॅट होता आणि त्याचा शेवटचा हप्ता गेल्या दिवाळीत फिटला होता. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी पावशेर पेढे आणले होते आणि चार दिवस पुरवून खाल्ले होते.

"मुदत कधीच गेली त्याची," ती म्हणाली.

"गेली होती, ताई. पण तुमच्या घरातल्या कुणीतरी फेडीन म्हणून शब्द दिलाय. आमच्याकडे आवाज आहे."

*

आवाज कसा, ते आधी सांगायला हवं.

बोलणं म्हणजे हवेचा मार. तो समोर येईल त्या वस्तूवर बसतो. चहाच्या कपावर, पडद्यावर, पानावर. वस्तू थरथरते. ही थरथर कॅमेऱ्यानं टिपता आली, तर मुक्या चित्रातून बोलणं परत काढता येतं. हे तत्त्व जुनंच आहे. अडचण अशी, की साधा कॅमेरा सेकंदाला पंचवीस-तीस चित्रं घेतो आणि माणसाच्या आवाजात सेकंदाला शेकडो हेलकावे असतात.

पण चित्र एका झटक्यात उमटत नाही. साधा कॅमेरा ते वरून खाली, ओळीमागून ओळ टिपतो. माग जसा एकेक आडवा धागा घालत कापड विणतो, तसंच. म्हणजे एका चित्रात हजार ओळी असतील, तर ते हजार वेगवेगळे क्षण असतात. वरच्या ओळीत पान जिथं असतं, खालच्या ओळीपर्यंत ते किंचित सरकलेलं असतं. हे सरकणं मोजायचं. जुन्या चित्रात जिथं काहीच उरलेलं नसतं, तिथं यंत्र भाषेच्या सवयीवरून शब्द भरतं आणि शेजारी आपली खात्री किती टक्के ते लिहितं.

एक गोष्ट मात्र परत येत नाही, बोलणाऱ्याचा गळा. शब्द येतात, पण सगळे एकाच आवाजात, कुणीतरी पाण्याखालून बोलावं तसे. बाप, मुलगी, गुरुजी, सगळे सारखे.

पुढचं काम २०३८ च्या कायद्यानं केलं. लेखी वचनाला जी किंमत, तीच तोंडी वचनाला. आणि मुदत मोजायची ती वचन दिल्यापासून नव्हे. वचन देणाऱ्यानं "हा मीच" अशी ओळख पटवल्यापासून. फोनवरचं "हो"सुद्धा त्यात धरतात.

मग वसुली कंपन्यांनी विचार केला, की माणसं मेलेल्याचं कर्ज फेडायचं वचन उघड्यावर, मोठ्यानं, साक्षीदारांसमोर कुठं देतात.

आपल्याकडे ती जागा ठरलेली आहे. रक्षाविसर्जनाला केळीच्या पानावर मेलेल्याच्या आवडीचं वाढतात आणि लांब उभं राहून कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवला नाही, तर जीव कशाततरी अडकलाय असं धरतात. मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतो : धाकटीचं लग्न करतो, घर वाटून घेत नाही, तुझं देणं मी देतो. कुठल्यातरी शब्दावर कावळा येतो.

स्मरणनं उदयकांतीची येणी घेतली, तेव्हा पतसंस्थेच्या कपाटातल्या हार्ड डिस्कही घेतल्या. घाटावरच्या कॅमेऱ्याची तीन वर्षं त्यांत होती.

आता घाटावर गुरुजी आधीच बजावतात, जे काय सांगायचं ते मनात सांगा. लोक ओठ मिटून उभे राहतात. कावळे पूर्वीपेक्षा उशिरा येतात, असं गुरुजींचं म्हणणं आहे. त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

*

कोल्हापूरच्या ऑफिसात खाडेबाईंनी तिला अकरा सेकंदं ऐकवली. पडद्यावर चित्र होतं. आई पाठमोरी, पानाजवळ वाकलेली, डोक्यावरून पदर. मागं दादा. बाजूला सव्वीस वर्षांची रोहिणी, हात जोडलेले, डोळे मिटलेले. पानावर भात, भडंग, चहाचा कप, विडीचं बंडल. चित्राखाली शब्द उमटत गेले.

९:४१:०२ अण्णा, आईला अंतर देणार नाही. शब्द देतो. (खात्री ९६ टक्के)

९:४१:०८ अण्णा, पतसंस्थेचं मी फेडीन. (खात्री ९४ टक्के)

९:४१:१३ (पंखांचा आवाज)

पहिलं वाक्य दादाचं, हे गावाला माहीत होतं. दुसरं तिचं होतं. ती ते इतकं हळू बोलली होती, की शेजारी उभ्या दादालाही ऐकू गेलं नव्हतं. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभरानं वीस हजार साठवून ती पतसंस्थेत गेली, तेव्हा शटरवर नोटीस होती. तिला हायसं वाटलं होतं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला नंतर बरीच वर्षं पुरली.

खाडेबाईंनी नियम समजावला. ओळख न पटलेलं वचन कोर्टात टिकत नाही. भावानं, बहिणीनं दोघांनीही हा आवाज आमचा नाही म्हटलं, तर फाईल बंद.

"मग तुम्ही मला बोलावलंच कशाला?"

"शंभरातले तीस जण ओळख पटवतात, ताई," खाडेबाई म्हणाल्या. "आईबापाला दिलेला शब्द तोंडावर नाकारायला जमत नाही. आमचा धंदा त्या तिसांवर आहे."

एवढं बोलून त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

*

दादा, अरविंद बुगड, अजून त्याच भाड्याच्या घरात राहत होता. माग विकून झाले होते. तो मागांच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. गुडघे गेल्यामुळे खुर्चीवर बसून, समोर पाटावर मोटार ठेवून काम करायचा. त्यालाही फोन आला होता. त्यानं पुढचे सगळे फोन बायकोकडे दिले होते, कारण ती कानडी मुलखातली होती आणि तिकडच्या बोलीत इतकं भरभर बोलायची की कंपनीचं यंत्रच लाईन सोडायचं. हे सांगून तो स्वतःच हसला.

मग हसू आवरून त्यानं वकिलाचा सल्ला सांगितला. हो म्हणायचं नाही, हं म्हणायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. पहिलं वाक्य त्याचं आहे, पण त्यात पैशाचा शब्द नाही. दुसरं कुणाचंच नाही. एखाद्या पाहुण्याचं असेल.

रोहिणीनं मान हलवली नाही.

पासबुक सापडलं तर बरं, असं वकील म्हणाला होता. अण्णा दर महिन्याच्या सात तारखेला जाऊन हप्ता भरायचे आणि शिक्का मारून आणायचे. आजारी पडेपर्यंत त्यांचा खाडा नव्हता. पतसंस्थेच्या नोंदी बुडताना गायब झाल्या आणि विकलेल्या यादीत सगळी मुद्दल बाकी दिसत होती. पासबुक असतं तर आकडा चौथ्या हिश्शावर आला असता.

दोघांनी आईची ट्रंक काढली. इरकली लुगडी, अण्णांचा चष्मा, रेशनकार्डं, रोहिणीच्या दहावीची गुणपत्रिका. पासबुक नव्हतं. दादा म्हणाला, आईची कागदं मिरजेला तू नेलीस. ती म्हणाली, मी फक्त औषधांची फाईल नेली. तो म्हणाला, आठ वर्षांत बघायला सवड झाली नाही तुला. ती म्हणाली, ट्रंक तुझ्या घरात आहे. वहिनीनं मधे चहा आणून ठेवला. तो दोघांनीही प्यायला नाही.

ती निघताना तो दारापर्यंत आला, भिंतीला धरून.

"रोहे, कायबी होऊ दे. त्या दिवशी कावळा माझ्या शब्दावर आला. सोळा वर्षं आईचं केलं मी, ते त्याच्यावर. मला मस्कतचं काम आलं हुतं, माहीताय न्हवं? न्हाई गेलो." त्यानं भिंतीवरचा हात बदलला. "दुसरं वाक्य बोलणारं कोण का असंना. कावळा माझ्या शब्दावर आला."

"हो दादा," ती म्हणाली. या घरात अजून हो म्हणता येत होतं.

*

आई २०३३ साली गेली. तिच्या आवाजाचा एक तुकडाही कुठं नव्हता. मागाच्या सवयीनं ती आवाज लावायचीच नाही. फोनवर तर मुळीच नाही, कारण फोनला ओठ दिसत नाहीत. व्हिडिओ कॉल आले तेव्हा ती खूश झाली होती. पडद्यावर तोंड जवळ आणून ओठ हलवायची आणि मिरजेत रोहिणी वाचायची. जेवलीस का. दादाचा गुडघा सुजलाय. कधी येतीस.

कर्जाबद्दल आई त्या दिवसानंतर एकदाही बोलली नाही. पतसंस्था बुडाली तेव्हाही नाही. आई पानाच्या अगदी जवळ होती. आपलं वाक्य तिनं ऐकलं असणार, आणि ती सोळा वर्षं वाट बघत असणार, पोरगी शब्द कधी पाळते त्याची. आईच्या गप्पपणाचा हा अर्थ रोहिणीनं एकटीनं लावला होता आणि तो कधी पडताळून बघितला नव्हता. जेवलीस का, या प्रश्नातही तिला तो ऐकू यायचा.

*

ओळख नाकारण्याच्या कागदावर सही करायला ती दुसऱ्यांदा कोल्हापूरला गेली. नियमाप्रमाणे सहीआधी अकरा सेकंदं पुन्हा ऐकवतात. तिनं डोळे मिटून ऐकली.

घाटापलीकडे त्या दिवशी पाण्याचा पंप चालू होता. त्याचे ठोके आवाजात आले होते, थड थड, थड थड. दुसऱ्या वाक्यानंतर एक ठोका अर्धवट राहिला आणि एकदम पंख वाजले.

मागावर वाढलेल्या पोराला हे शिकवावं लागत नाही. झोपेतही ठोका चुकला की कळतं, धागा तुटला.

"मधे कापलंय," रोहिणी म्हणाली.

खाडेबाईंनी पडद्यावरच्या वेळेकडे बोट दाखवलं. मधली नऊ सेकंदं काढली होती आणि पुढची वेळ मागं ओढून घेतली होती. वसुलीशी संबंध नसलेला भाग गाळतात, हीच पद्धत आहे, असं त्यांनी सांगितलं.

"कोण बोलतंय त्यात?"

"पानाच्या सगळ्यात जवळ तुमच्या आई आहेत. आवाज जवळपास नाहीच, नुसता श्वास. पण श्वासाचा मार पानाला जास्त लागतो."

"ऐकवा."

संपूर्ण ध्वनी फक्त ओळख पटवलेल्या पक्षकाराला मिळतो. ओळख नाकारली, की तीस दिवसांत सगळं पुसलं जातं. हे सांगताना खाडेबाईंनी समोरचा दुसरा कागद, ओळख पटवण्याचा, हातानं झाकून धरला होता. त्यांनी टेबलावरचा माईक बंद केला.

"घरी जावा, ताई. मी पगारी माणूस आहे, याच्यापेक्षा जास्त सांगता येत नाही मला. नऊ सेकंदं आहेत. नऊ सेकंदांसाठी कुणी घर देत नाही."

"त्यात काय आहे, तुम्ही ऐकलंय?"

खाडेबाईंनी मान हलवली नाही. त्यांच्याही घरी तीच सवय लागली असावी.

रोहिणीनं फ्लॅटचा विचार केला. पूर्वेची खिडकी, ओट्याखाली तिनं स्वतः बसवलेली फडताळं, पेढ्यांचा रिकामा डबा, ज्यात आता ती लवंगा ठेवायची. मग तिला आईचे ओठ दिसले, पडद्याच्या अगदी जवळ आलेले. घाटावर त्या वेळी आपण डोळे मिटले होते. उघडे असते, तर फुकट वाचता आलं असतं.

तिनं खाडेबाईंचा हात बाजूला केला. तो सहज बाजूला झाला नाही.

*

९:४१:०८ अण्णा, पतसंस्थेचं मी फेडीन.

९:४१:१४ जावा आता. कोण काय फेडत नाय. (खात्री ७१ टक्के)

९:४१:१८ पोरांस्नी मी फेडू देणार नाय. तुमी जावा. (खात्री ६८ टक्के)

९:४१:२२ (पंखांचा आवाज)

*

तिनं ते तीनदा ऐकलं. टक्केवारी कमी आहे, मधले शब्द यंत्रानं भरलेले असू शकतात, असं खाडेबाईंनी सांगितलं. ते सांगणं त्यांच्या कामाचा भाग होता. रोहिणी म्हणाली, यंत्राला "पोरांस्नी" हा शब्द कुठून माहीत असणार.

मग तिनं विचारलं की आता हे पुसलं जातं का. खाडेबाई नाही म्हणाल्या. आता ते तुमचं आहे.

*

बसस्टँडवरून तिनं दादाला फोन केला.

"नाही," पलीकडून दादा म्हणाला.

"मी आहे दादा. सगळं ऐकून आले. मधलं काढलेलं होतं, तेही ऐकलं."

पाटावरची मोटार बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"तुझ्याच शब्दावर आला कावळा," ती म्हणाली. "स्पष्ट आहे त्यात."

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास होता. फोनजवळ केळीचं पान असतं, तर ते हललं असतं.

"आन् सही?"

"केली."

वकिलानं काय सांगितलं होतं, हे तो बोलला नाही. दुसरं वाक्य कुणाचं होतं, हेही त्यानं विचारलं नाही. एखाद्या पाहुण्याचं असेल, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही. त्यानं विचारलं, जेवलीस का. ती नाही म्हणाली. मग तो म्हणाला, फ्लॅट गेला तर हिकडं ये. आईची खोली रिकामी हाय, मोटारी ठेवतो तिथं, त्या काढतो.

*

फ्लॅट ऑगस्टमध्ये गेला. ओट्याखालची फडताळं घेणाऱ्यानं लगेच उखडली. रोहिणी रोज इचलकरंजीहून मिरजेला बसनं जाऊ लागली. संध्याकाळी ती आणि दादा समोरासमोर जेवायला बसत. दादाला हल्ली कमी ऐकू यायचं. वहिनी मोठ्यानं बोलून थकायची. एके दिवशी रोहिणीनं आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, भाकरी वाढू का.

दादानं तिच्या तोंडाकडे बघितलं. त्याचा घास हातात तसाच राहिला. मग त्यानंही आवाज न काढता सांगितलं, अर्धी.

झोपायच्या आधी ती आईच्या खोलीत ती नऊ सेकंदं ऐकायची. आधी रोज, मग आठवड्यातून एकदा. पुढं पुढं ती आवाज बंद करून नुसतं चित्र लावू लागली. आई पाठमोरी, वाकलेली. ओठ दिसत नाहीत. पान स्थिर दिसतं.

*

रघुनाथ बुगड यांच्या रक्षाविसर्जनाच्या दिवशी, १२ फेब्रुवारी २०१७ रोजी, पहाटे साडेपाचला आईनं पतसंस्थेचं पासबुक बंबात घातलं. त्यात एकसष्ट हप्त्यांचे शिक्के होते. घाटावर जाण्याआधी सगळ्यांनी त्याच पाण्यानं अंघोळी केल्या.